मदत हवी आहे: सॉफ्ट पेस्टलमध्ये पहिलंच पोर्ट्रेट, आजीचा चेहरा मातकट झालाय

गेली सात-आठ वर्षं पेन्सिलने चेहरे काढतेय. साम्य बऱ्यापैकी येतं, म्हणून रंगांत उतरायला फार जड जाणार नाही असं वाटलं होतं. तीन रविवारांत सगळा माज उतरला.

आजीचा फोटो घेतला. खिडकीशी बसलीय, उजेड डावीकडून. साहित्य म्हणजे ४८ अर्ध्या कांड्यांचा संच (ऑइल पेस्टल नव्हे, कोरडे, भुकटी होणारे) आणि घरात पडलेला ए-फोर मापाचा गुळगुळीत पांढरा कागद. सवयीने डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. तो पूर्ण केला, मग नाक, मग गाल.

दोन-तीन थर बसल्यावर कागद रंग घेईनासाच झाला, खडू वरून नुसता घसरतो. गाल बोटाने चोळून मऊ केले, तर तोंडाला पावडर थापून आजीला फोटोला बसवल्यासारखं दिसतंय. सुरकुत्या गायब. सावलीसाठी काळा मिसळला आणि गळा, हनुवटी सगळं राखेच्या रंगाचं झालं. आजी सावळी आहे, संचातल्या फिकट गुलाबी कांड्या तिच्या काही कामाच्या नाहीत. डोळ्यातला ठिपका काढावा तर कांडीचं टोक अख्ख्या डोळ्याएवढं. शेवटी फिक्सेटिव्ह (भुकटी झडू नये म्हणून मारायचा फवारा) मारला, आणि कपाळावरचा जो एकुलता एक उजेड जमला होता तोही विझला.

शिवाय धूळ. मी फुंकर मारून उडवत होते. दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं तर रुमालावर जांभळा रंग!

माझा कागद चुकला की हात? जाणकारांनी सांगावं. आजीला अजून काही दाखवलेलं नाही.

प्रतिसाद

दोन्ही. पण आधी कागद बदला. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगद्रव्य, बांधायला नावापुरता डिंक. हा रंग कागदात मुरत नाही, खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत अडकून राहतो. खाचा भरल्या की संपलं. गुळगुळीत कागदाला मुळातच खाचा कमी, त्यात तुम्ही बोटाने चोळून होत्या त्याही बुजवल्या. पेस्टलसाठीचा रंगीत कागद घ्या. कॅन्सन कंपनीचा मी-तांत नावाचा कागद असेल तर त्याची एक बाजू मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार असते आणि दुसरी बारीक दाण्याची. चेहऱ्याला बारीक बाजू वापरा, नाहीतर गालावर जाळी उमटते. बरेच थर चढवायचे असतील तर पॉलिशपेपरसारखा खरखरीत सँडेड कागद उत्तम, पण त्यावर बोट घासू नका, कातडी सोलते.

आणि ए-फोर विसरा. चेहरा निदान तळहाताएवढा हवा, म्हणजे डोळ्याचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी कांडी मोडा आणि मोडलेल्या कडेचा कोपरा वापरा. नवी कोरी कांडी मोडताना जिवावर येतं, तरीही मोडा.

प्रतिसाद

ताई, तुमची खरी अडचण पेन्सिलीची सवय आहे. पेन्सिलीत एक डोळा पूर्ण करून पुढे जाता येतं, इथे नाही. डोळे किलकिले करून फोटो बघा: गडद, मध्यम, उजळ असे तीनच तुकडे दिसतील. कांडी आडवी धरून ते तुकडे अख्ख्या चेहऱ्यावर हलक्या हाताने पसरा. अजून डोळे नाहीत, ओठ नाहीत. आधी गडद, मग उजळ. आधी कडक कांड्या, मग मऊ. डोळ्यातला ठिपका अगदी शेवटी, एकदाच टेकवून सोडायचा.

काळी कांडी डब्यातून बाहेर काढून ठेवा. सावळ्या चेहऱ्याच्या सावलीत गडद तांबूस, जांभळा, गर्द हिरवा असं बरंच काही असतं. उजेड खिडकीतून, म्हणजे आभाळाचा असेल, तर कपाळावरची चमक पांढरी नसते, निळसर असते. गाल, नाक, कान इथे लाली जास्त. रंग एकमेकांत चोळू नका, रेघांनी शेजारी-शेजारी ठेवा. लांबून डोळाच ते मिसळतो. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने १७७१ मध्ये चष्मा लावलेलं स्वतःचं पेस्टल चित्र केलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मोठ्या आकारात उघडून बघा. म्हाताऱ्या कातडीवर सुट्या रेघा स्पष्ट दिसतात. तुमच्या आजीच्या सुरकुत्या बोटाने पुसल्या म्हणून गेल्या, रेघांनी परत येतील.

प्रतिसाद

फुंकर आधी बंद करा. काही खडूंत कॅडमियमसारख्या विषारी धातूंचे रंग असतात, ते फुफ्फुसात कशाला? बोर्ड उभा ठेवा, किंचित पुढे झुकलेला, म्हणजे धूळ आपोआप खाली पडते. खाली कागदाची पन्हळ करून लावा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसा. झाडू नका. मास्क लावाच.

फिक्सेटिव्हने रंग गडद होतात, उजळ रंग सगळ्यात आधी मरतात. मारायचाच तर मधल्या थरांवर लांबून हलका फवारा द्या आणि शेवटचे उजळ रंग त्यानंतर लावा. चित्र पूर्ण झाल्यावर मी काहीच मारत नाही. ग्लासिन म्हणजे गुळगुळीत, पातळ कागदात ठेवते, फ्रेम करताना काच आणि चित्रात माउंटची (कडेच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट सोडते. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक नको, ते स्थिर विजेने भुकटी ओढून घेतं.

धागालेखिका

सगळ्यांचे आभार. करड्या-तपकिरी कागदावर, दुप्पट आकारात पुन्हा केलं. पहिला तास चेहरा नव्हताच, नुसते डाग. दोनदा फाडावंसं वाटलं. एकदा बोट गालाकडे गेलंच, तेवढा भाग मेला. कडक ब्रशने रंग झटकून तिथे पुन्हा थर दिला, तो धरला. काळ्याऐवजी गडद जांभळा आणि विटकरी वापरला आणि गळ्याखालची सावली पहिल्यांदाच सावली वाटली. सुरकुत्या आल्या, जरा जास्तच आल्या.

काल आजीला दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "मीच आहे गं. पण कपाळाला हे हिरवं काय फासलंस?"

खालच्या थरातला हिरवा डावीकडे डोकावतोय खरा. मला तो आवडलाय. त्यावर हलक्या तांबूस रेघा ओढून झाकू, की राहू देऊ?

प्रतिसाद

खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. तिथूनही हिरवा वेगळा दिसला, तर चार-पाच तांबूस रेघा, जास्त नाही. नाही दिसला तर आजींना जरा लांबून दाखवा.