विषय: सिंकखाली पाणी साचतंय, घरच्या घरी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,
स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट सकाळी उघडलं तर तळाशी पाणी. नळ रात्रभर बंद होता. आत नळाकडे जाणाऱ्या जाळीदार होज आहेत, त्यांचे कॉक आहेत आणि सांडपाण्याचा प्लास्टिकचा वाकडा पाइप. सगळंच ओलं, त्यामुळे गळतं कुठून ते कळेना. प्लंबर लगेच येईल असं दिसत नाही. घरात पाना आणि टेफ्लॉन टेप आहे.

---
उत्तर:
ताई, फार विचार करू नका. जिथे ओलं दिसतंय तिथे टेफ्लॉन गच्च गुंडाळा आणि वरून इपॉक्सी थापा. आमच्याकडे अजून टिकलंय.

---
उत्तर:
दादा, रागावू नका, पण बाहेरून गुंडाळलेलं टेफ्लॉन पाणी अडवत नाही. ती टेप आट्यांमध्ये बसायला असते, तिला चिकटपणा नसतो. शिवाय इपॉक्सी थापली की पुढे तो जोड उघडायची सोय राहत नाही.

ताई, आधी कॉक बंद करा. ते फिरत नसतील तर जोर लावू नका, घराचा मेन कॉक बंद करा. मग सगळं कोरडं पुसा आणि प्रत्येक जोडाखाली वेगळा टिश्यू ठेवा. पाणी पाइपवरून ओघळत खाली येतं, म्हणून थेंब पडतो ती जागा आणि गळती एकच असेल असं नाही. ओला झालेल्यांपैकी सगळ्यात वरचा टिश्यू बघायचा.

नळ बंद असताना गळतंय, म्हणून सांडपाण्याचा पाइप लगेच निर्दोष धरू नका. त्या वाकड्या भागात, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाणी कायम थांबलेलं असतं (गटाराचा वास अडवायला), आणि खालचा वायसर गेला असेल तर तेच थेंबथेंब येतं. कॉक बंद करूनही ट्रॅपखालचा टिश्यू भिजत राहिला तर दोष तिथे. बादली ठेवून नट हाताने सोडा, वायसर बदला, परत हातानेच आवळा. पाना लावाल तर प्लास्टिकच्या आट्या जातील.

कॉक उघडल्यावर वरचा टिश्यू भिजला, तर दोष दाबाच्या पाण्याच्या बाजूला. होजच्या टोकाला रबरी वायसर असतो, पाणी तो अडवतो, आट्या नाहीत. म्हणून तिथे टेफ्लॉन नको. हाताने घट्ट केल्यावर पान्याने साधारण पाव फेरा, आणि दुसऱ्या पान्याने कॉक धरून ठेवा, नाहीतर भिंतीतला जोड फिरतो. जाळीवर गंज किंवा फुगवटा दिसला तर होजच बदला, तिचं डागडुजीचं वय संपलं. अशी होज अचानक फुटते आणि घरभर पाणी होतं.

तांब्याच्या पाइपलाच बारीक भोक असेल तर रबर लावलेला क्लँप आवळून प्लंबर येईपर्यंत वेळ निभावते. झाळण्याच्या भानगडीत पडू नका. पाइपात थोडं पाणी राहिलं तरी झाळ धरत नाही, आणि कपाटात ज्योत पेटवायची ती वेगळीच जोखीम.

भाड्याचं घर असेल तर हात लावण्याआधी फोटो काढून मालकाला कळवा.

---
उत्तर:
काका, टिश्यूंनी काम केलं! ट्रॅप कोरडा, होज कोरडी. गरम पाण्याच्या कॉकच्या मुठीखालून, दांडी आत जाते तिथून पाणी येतंय. कॉक बंद केला तरी किंचित येतंच.

---
उत्तर:
म्हणजे ग्लँड (दांडीभोवती पाणी अडवणारं भरण, म्हणजे पॅकिंग, आणि ते दाबून धरणारा नट) सैल झाली. मुठीच्या मागे दांडीभोवती लहान नट दिसेल, तो किंचित आवळा, फेऱ्याच्या आठव्या भागाइतका. जास्त आवळलात तर मूठच फिरणार नाही. तरी थांबलं नाही तर मेन बंद करून, नळ उघडून पाणी उतरवा, नट सोडा आणि दांडीभोवती नवं पॅकिंग भरा.

---
उत्तर:
काका, पॅकिंग टेफ्लॉनच्या दोरीचंही मिळतं म्हणे. निम्मा तरी बरोबर होतो ना मी?

---
उत्तर:
निम्मा कबूल! ताई, दोरी नसेल तर टेपच पीळ देऊन वळा आणि नट आवळताना जशी फिरते त्याच दिशेने गुंडाळा. रात्रभर खाली टिश्यू राहू द्या आणि कपाटाचं दार उघडं ठेवा, आतली ओल सुकेल.