फुगा लावलेल्या पात्राचे वजन अभिक्रियेनंतर कमी का भरते?

प्रश्न:
नववीच्या वर्गाला द्रव्य अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही) दाखवण्यासाठी मी शंकूपात्रात 100 मिलिलिटर व्हिनेगर घेतले, फुग्यात 4.2 ग्रॅम खाण्याचा सोडा भरून तो पात्राच्या तोंडावर घट्ट बसवला आणि वजन नोंदवून सोडा खाली पाडला. फुगा टरारून फुगला. परंतु काट्यावर वजन सुमारे सव्वा ग्रॅमने कमी भरले. साबणाचे पाणी लावूनही गळती आढळली नाही. मग ही घट कशाची?

प्रतिसाद १:
गळती नसेल, तर काहीही नाहीसे झालेले नाही. काटा वस्तुमान थेट मोजत नाही. वस्तू पारड्यावर किती बल लावते, तेवढेच तो सांगतो आणि भोवतालची हवा प्रत्येक वस्तूला थोडे वर उचलत असते. 4.2 ग्रॅम सोड्यापासून 2.2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे खोलीच्या तापमानाला जवळपास 1.2 लिटर वायू मिळतो. त्यातील थोडा द्रावणात विरघळला, तरी फुगा लिटरभराहून अधिक हवा बाजूला सारतो. एक लिटर हवेचे वस्तुमान साधारण 1.2 ग्रॅम असते आणि प्लावक बल, म्हणजे हवेचे हे वर उचलणारे बल, नेमके तेवढ्या वजनाइतके वाढते. वायू निसटला असता, तर घट दोन ग्रॅमच्या आसपास गेली असती.

प्रतिसाद २:
उत्तर बरोबर आहे. पण याच कारणासाठी हा नियम शिकवताना फुगा वापरूच नये, असे माझे मत आहे. बंद पात्रात कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट यांची द्रावणे एकत्र केली, की पांढरा साका तयार होतो, वायू निघत नाही आणि पात्राचे आकारमानही बदलत नाही. भौतिक बदलासाठी बंद बाटलीत बर्फ वितळवावा, मात्र वजन करण्यापूर्वी बाटली बाहेरून कोरडी पुसावी. पावसाळ्यात बाहेर जमणाऱ्या दवामुळे वजन हमखास वाढते आणि मुले बुचकळ्यात पडतात.

प्रतिसाद ३:
मी मात्र फुगा ठेवीन, कारण ही घट आधीच वर्तवता येते. शिवणकामाच्या टेपने फुग्याचा घेर मोजावा. तो 40 सेंटिमीटर असेल आणि फुगा बऱ्यापैकी गोल असेल, तर आकारमान सुमारे 1.1 लिटर येते आणि अपेक्षित घट 1.3 ग्रॅमच्या आसपास. मुलांनी हा आकडा आधी फळ्यावर लिहावा, मग काटा पाहावा. शिवाय ही अडचण केवळ शाळेतली नाही. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हान्स लँडोल्ट यांनी 1893 पासून अनेक वर्षे काचेच्या बंद नळ्यांत अभिक्रिया घडवून वजने केली, तेव्हा त्यांनाही आरंभी किंचित घट दिसत होती. अभिक्रियेच्या उष्णतेने काच प्रसरण पावते आणि मूळ आकारमानाला यायला तिला बराच काळ लागतो, हे ध्यानात घेऊन वजने केल्यावर उरलेला फरक मोजणीतील त्रुटीच्या मर्यादेत आला.