सात दिवस, पाहुणे आणि सातारा : आखलं एक, घडलं भलतंच. तुमचेही अनुभव लिहा

ओसरीवरची
परवा भाच्याने बंगळुरूहून एक्सेल शीट पाठवली. "आत्या, निसर्ग आणि संस्कृती, सात दिवसांत बसवून दे." तेव्हापासून १९९८ ची बाबांची यादी डोळ्यांपुढे आहे. कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने: सोम कास, मंगळ सज्जनगड (प्रसाद चुकवायचा नाही), बुध बामणोली, गुरु वाई-मेणवली. शुक्रवारपुढे नुसतं "बघू".

डोंबिवलीचे काका-काकू, त्यांची तीन पोरं, भाड्याची जीप. सोमवारीच कासच्या पठारावर असं धुकं की पुढचा माणूस दिसेना. काकू वैतागल्या, "एवढं लांब येऊन पांढरा पडदाच बघायचा?" बाबांनी सगळ्यांना जांभ्या खडकावर उकिडवं बसवलं. बोटभर माती, ओंजळभर पाणी आणि त्यात करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुलं. सीतेची आसवं. ही वनस्पती पाण्यातले बारीक जीव पकडून खाते, असं बाबांनी सांगितल्यावर काकू ताडकन उठल्या. "सीतामाईची आसवं, आणि मांसाहारी?"

बाकी सहा दिवस काय पाहिलं ते धड आठवत नाही.

घाटमाथा
😂😂 काकूंना दंडवत.
भाच्याच्या शीटमध्ये वासोटा किल्ला आणि महाबळेश्वर एकाच दिवशी असेल तर आधी ते खोडा. आम्ही वासोट्याची लाँच धरायला बामणोलीला साडेअकराला पोचलो. लाँचवाले मामा म्हणाले, "आता जाऊन काय उपयोग न्हाई. वनखात्याची पावती, दीड तास पाणी, वर जंगलातनं चढ. अंधाराआधी परत आणायचं असतंय." मग तिथंच पिठलं-भाकरी खाल्ली. मामांनी पाण्याकडं बोट करून दाखवलं, "आमचं घर त्या तिकडं. उन्हाळ्यात पाणी लै उतरलं की जोतं उघडं पडतंय." कोयना धरणात गेलेलं गाव. सोबतची पोरं गप्पच झाली.
वासोटा अजून राहिलाय.

खरडवही
कासला टोपली कारवी यंदा फुलणार आहे का?? आम्ही तिच्यासाठीच सुट्टी टाकतोय

ओसरीवरची
@खरडवही ती सात वर्षांतून एकदा. तिच्या भरवशावर सुट्टी नको. सप्टेंबरात तेरडा, गेंद, कावळा असं काही ना काही असतंच. पण शनिवार-रविवार टाळ गं, आणि ऑनलाइन बुकिंग आधी बघ.

दुष्काळी गडी
माण-खटावला कुणी न्हेतच न्हाई पाहुण्यांना. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आन् आमच्याकडं पाचशेची मारामार. ह्याचाच फायदा घ्या की! तिकडं आभाळ फाटलं की गाडी पूर्वेला वळवायची. मागं आमचे व्याही ठोसेघरला दोन दिवस खोलीत अडकलेले, धबधब्याचा नुसता आवाज ऐकत. फोन करून औंधला बोलावलं. यमाईच्या डोंगरावर लख्ख ऊन. खाली पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची खरी चित्रं. व्याहीबुवा एका चित्रापुढं अर्धा तास. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" आता काय बोलावं.

पेढेघाट
अवांतर: कंदी पेढे नेमके कुठल्या दुकानाचे न्यायचे?

घाटमाथा
दुकानाचं नाव काढू नका. धागा पेटेल.

वाईची सून
कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला. मेणवलीला नणंदेच्या जावयांना मोठ्या हौसेने नेलं. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा, सगळं वाटेत सांगितलेलं. गेलो तर शूटिंग! घाटावर सोडेनात. जावईबापू दोन तास कठड्यापाशी उभे, "हिरोईन कोण आहे हो?" घंटा कुणी बघितलीच नाही. येताना लिंबला बारा मोटांची विहीर दाखवली, तिथे मात्र पायऱ्या उतरून गेल्यावर फोन खिशात ठेवला त्यांनी. शिट्ट्या झाल्या, पळते

तंबोरा
सगळे सातारा सातारा. मिरजेला दोन तास द्या की कुणीतरी! मेहुण्याचा मुलगा, वय नऊ, सहा दिवस मागच्या सीटवर नुसता धुमाकूळ. सतारमेकर गल्लीत एक चाचा भोपळ्यावर टिचकी मारून कान लावत होते. याने विचारलं, कलिंगड आहे का? चाचा हसले, त्याच्या हातात दुसरा भोपळा दिला. "ह्यो वाजवून बघ. कुठला वाळलाय सांग." पोरगं तिथून हलेना. (२०२४ ला इथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बरं का.)
भडंग राहिलं घ्यायचं त्या नादात. बायको अजून ऐकवते.

पेढेघाट
भडंगावरून आठवलं, काकूंचं पुढं काय झालं?

ओसरीवरची
काकू आता ८१ च्या. सीतेच्या आसवांचं नाव बदला म्हणतात.

खरडवही
@घाटमाथा त्या लाँचवाल्या मामांचा नंबर मिळेल का

घाटमाथा
रेंजच नव्हती, नंबर कसला. धक्क्यावर जाऊन हाक मारायची. साडेआठच्या आत.