इथिओपियन ‘फूल’ (बाकला म्हणजे फावा बीन्स ठेचून केलेला पदार्थ): बाकल्याची साल चिवट राहते

प्रश्न: तिथल्या उपवासाच्या (प्राणिज पदार्थ वर्ज्य) दिवसांसारखा, निटर किब्बेऐवजी (मसालेदार तुपाऐवजी) तेलातला फूल केला. २५० ग्रॅम सुका बाकला ६ तास भिजवून कुकरला लावला. साली चामड्यासारख्या, बरबरेही (तिथला मिरचीचा मसाला) कडू. काय चुकलं?

प्रतिसाद १: ६ तास कमीच. १२ तास भिजवा, पाव चमचा सोडा घालून. मग ते पाणी फेका. टोमॅटो कुकरमध्येच घातला होता का? आंबटामुळे साल मऊ होत नाही.

प्रतिसाद २: बरबरे करपलाय. आधी ३ चमचे तेलात कांदा परता, आच मंद करून २ चमचे बरबरे आणि लगेच थोडं पाणी. मग टोमॅटो, शेवटी बाकला. अर्धवटच ठेचा, पिठलं नकोय! वर कच्चा कांदा, हिरवी मिरची. सोबत बहुधा पावच असतो.

प्रतिसाद ३: जी६पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर बाकला खाऊच नका.