पहिली बोट कोणती घ्यायची? आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार, रात्री ९.१०

दादा: मामा, जेवण झालं का? ताई, मी आणि धाकट्यानं मिळून पंधरा लाख बाजूला काढलेत. बोट घ्यायची. ताईला वेकबोर्डिंग करायचंय, म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून बोर्डावर उभं राहायचं आणि पाण्यावरनं घसरत जायचं. मला आई-आबांना आणि पोरांना घेऊन निवांत फिरायचंय. दोन्ही एकाच बोटीत बसवायचं. मुंबईची एक जाहिरात मिळालीय, फोटो टाकतो. खास वेकबोर्डची आहे, वर दोरी बांधायची कमान, आत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. जुनी म्हणून बजेटात बसतेय.

[फोटो]

मामा: झालं जेवण. बोट देखणी आहे. आधी एक सांग, सोडणार कुठल्या पाण्यात?

दादा: रविवारी राधानगरी नाहीतर काळम्मावाडी. महिन्यातून एकदा तुमच्याकडं देवबागला.

आबा: राधानगरी आणि काळम्मावाडी आत्ताच खोडा. पाटबंधाऱ्यात नोकरी केलेल्या माणसाच्या घरात हे बोलणं नको. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, तिथं इंजिनची बोट मनाला येईल तशी उतरवता येत नाही. शिवाय काठाला अभयारण्य, म्हणजे वनखातंही आलं. आणि काळम्मावाडीतून आता थेट पाइपलाइननं कोल्हापूरच्या नळाला पाणी येतंय. आपल्याच पिण्याच्या पाण्यावर पेट्रोल-ऑइलचा तवंग मला बघवणार नाही.

दादा: बरं आबा. खोडलं.

ताई: मग देवबागच. कर्ली खाडीचं पाणी सकाळी आरशासारखं असतं. मला तेवढं पुरे आहे.

मामा: दाजींनी अर्धं काम केलं. आता देवबागच्या पाण्याचं ऐका. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूचे दांडे आहेत. ते दरवर्षी सरकतात. ओहोटीला जिथं काल कमरेएवढं पाणी होतं, तिथं आज गुडघाभर. तू फोटो टाकलेल्या बोटीचा पंखा बुडाखाली असतो, वर उचलता येत नाही. एकदा वाळूत घासला की पंखा, त्याचा शाफ्ट, रडर म्हणजे सुकाणू, सगळ्याचाच खर्च. आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीला लटकलेलं असतं, बटण दाबलं की पाण्याबाहेर येतं. बोट किनाऱ्याला लावता येते, आई-दाजींना गुडघाभर पाण्यातून चढता येतं.

दुसरं, बिघडली तर कोण बघणार? मालवण-तारकर्लीत पर्यटकांच्या बहुतेक बोटींना आउटबोर्ड आहेत. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, ही इंजिनं ज्यांच्या हाताखालून गेलीत अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. आतल्या व्ही-८ चा गिअरबॉक्स उघडायला माणूस मुंबईहून किंवा गोव्याहून आणावा लागेल. तोवर हंगाम गेला.

ताई: मामा, तुमचं पटतंय, पण तिच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. दुबईत मी तसल्याच बोटीमागं शिकले. वेक म्हणजे बोटीमागं उठणारी लाट, तिच्यावरून उडी मारायची असते. इंजिन आत आणि वजन जास्त असलं की ती लाट उंच आणि गुळगुळीत उठते. आउटबोर्डच्या हलक्या बोटीमागं बुटकी उठते, हे खरं आहे.

पण मी अजून लाटेच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाण्याच्या पायरीवर आहे. शिकणाऱ्याला ताशी २५ ते ३० किलोमीटर वेग लागतो, चांगल्या माणसाला ३५ च्या आसपास. दोरी १८-२० मीटरची, न ताणणारी. एवढं १७-१८ फुटी बोट आणि ९० ते ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन आरामात ओढतं. लाट वाढवायची झाली तर बोटीत पाण्याच्या पिशव्या भरून ठेवतात. २०० लिटरची पिशवी म्हणजे २०० किलो वजन. फक्त ते वजन माणसांच्या हिशोबात धरायचं, बोटीच्या क्षमतेबाहेर जायचं नाही.

धाकटा: ताई, त्या दुसऱ्या प्रकारात दोरी सोडून लाटेवरच उभं राहतात ना? तो व्हिडिओ तूच दाखवलेलास.

ताई: ते वेकसर्फिंग. आउटबोर्डमागं अजिबात करायचं नाही. त्यात माणूस बोटीच्या अगदी पाठीशी असतो आणि फिरता पंखा उघडा असतो. वेकबोर्डिंगला माणूस १८-२० मीटर लांब असतो म्हणून चालतं. आउटबोर्ड घेतलं तर वेकसर्फिंगचं नाव काढायचं नाही, हे मी आत्ताच सगळ्यांसमोर मान्य करते.

धाकटा: जेट स्की घेतली तर? तीन सीटची माणसाला ओढते, बोटीपेक्षा स्वस्तही पडेल.

ताई: ओढते. एक चालवणार, एक मागं तोंड करून माझ्यावर नजर ठेवणार, तिसरी सीट मला परत घ्यायला. पण आई त्यावर बसेल का?

आई: मी नाही बसणार. मला टेकायला पाठ पाहिजे आणि डोक्यावर सावली.

दादा: आईसाठी कापडी छत असलेलीच बघू.

वहिनी: मामा, घेण्याच्या खर्चापेक्षा मला पुढचा खर्च कळू दे. पेट्रोल किती खाते? आणि उभी कुठं राहणार?

मामा: सूनबाई, हे पहिल्या दिवशी विचारलंस ते बरं केलंस. शंभर हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण उघडलं तर तासाला तीस लिटरच्या आसपास पितं. ताईला ओढताना पूर्ण उघडायचं नसतं, साधारण निम्मं धर. सकाळचे दोन तास म्हणजे तीस लिटर, आजच्या भावानं तीन हजाराच्या वर. नुसतं हळू फिरायला त्याहून पुष्कळ कमी. वर्षाला इंपेलर म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, गिअर ऑइल आणि गंज स्वतःवर घेणारे झिंकचे तुकडे बदलायचे. खाऱ्या पाण्यातून आलं की प्रत्येक वेळी इंजिन गोड्या पाण्यानं आतून धुवायचं, त्यात आळस केला तर इंजिन आतून खातं.

उभी माझ्या परड्यात राहील, ट्रेलरवर, शेडखाली. पाण्यात बांधून ठेवली तर बुडाला शिंपल्या धरतात. १८ फुटी बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून दीड टनाच्या घरात जातं. ते घेऊन तुम्ही दर खेपेला फोंडा घाट उतरणार आणि चढणार, हे माझ्या जिवाला सोसणार नाही. तुम्ही गाडीनं या, बोट इथंच.

वहिनी: मग ओढायला मोठी गाडी घ्यायचा यांचा बेतही रद्द. लिहून ठेवते.

दादा: हो. रद्द.

आबा: पेट्रोलवरनं आठवलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. आपल्याच उसाचं, शेतकऱ्याला पैसा मिळतो, चांगलंच आहे. बोटीला चालतं का?

मामा: दाजी, ते इंजिनाचं पुस्तक उघडून बघायलाच पाहिजे. बऱ्याच आउटबोर्डना दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते, बोटीची महिनाभर तशीच राहते. मग पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तळातलंच ओढतं. भर खाडीत बंद पडलेल्या दोन बोटी मी यंदाच्या हंगामात ओढून आणल्या, दोन्हींत हेच. म्हणून लागेल तेवढंच भरायचं, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा, जुन्या रबरी नळ्या बदलायच्या. पावसाळ्यात तर टाकी कोरडीच.

शनिवार, सकाळी ७.२५

दादा: रात्री झोप नाही लागली. मामा, नवी घ्यायची की जुनी?

आबा: नव्या मौजेच्या बोटीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. पंधरा लाखांत नवी बोट, इंजिन, ट्रेलर हे गणित बसत नाही. आणि जुनी घेतलीत तरी कागद आधी. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१, म्हणजे देशातल्या आतल्या पाण्यातल्या बोटींचा कायदा, त्याप्रमाणे इंजिनच्या बोटीला नोंदणी आणि सर्व्हे म्हणजे सरकारी तपासणी, दोन्ही लागतं. मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात मूळ मालकाचं नाव, इंजिन नंबर, सगळं ताडून बघा. कागद नसलेली बोट फुकट दिली तरी घ्यायची नाही.

मामा: जुनीच. पण आता लांबलचक लिहितोय, चहा घेऊन वाचा.

माझी पहिली बोट मी अशीच घाईत घेतली. रंग चकचकीत, सीट नवीन, इंजिन एका झटक्यात चालू. विकणारा गोड बोलला. दुसऱ्या हंगामात मागची फळी इंजिनाच्या वजनानं हलायला लागली. तिला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या आत प्लायवूड असतं. कुणीतरी नळीसाठी भोक पाडलेलं आणि नीट बुजवलेलं नव्हतं. तिथनं पाणी झिरपून झिरपून आतलं लाकूड शेणासारखं झालेलं. फळी कापून नवी बांधावी लागली, दोन महिने धंदा बंद. तुमच्या मामीनं तेव्हा पाटल्या मोडल्या. म्हणून सांगतो, बोट बघायची तर मागून बघायची.

कुंभार गल्लीत माठ घेताना टिचकी मारतो, तसं छोट्या हातोडीनं फळी वाजवायची. ठणठणीत वाजली तर बरी. मध्येच भद्द आवाज आला की तिथं लाकूड कुजलंय. मग इंजिन खाली सोडून त्याचं टोक धरून वर-खाली दाबायचं आणि फळीकडं बघायचं. इंजिन हलेल, फळी हलता कामा नये. आतल्या जमिनीवर अनवाणी चालायचं, पाय दबला की खालचे आडवे-उभे वासेही बघावे लागतात.

इंजिनाचं गिअर ऑइल थोडं काढून बघायचं. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. सिलिंडरचं कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब मोजून घ्यायचा, सगळ्या सिलिंडरचा जवळपास सारखा पाहिजे, दहा टक्क्यांच्या वर फरक नको. आणि विकणाऱ्याला आधीच सांगायचं, मी यायच्या आधी इंजिन चालू करू नकोस. गार इंजिन कसं उठतं तेच बघायचंय. शेवटी बोट पाण्यात, पाच माणसं बसवून. नुसती ट्रेलरवर बघून पैसे द्यायचे नाहीत.

धाकटा: मामा, हा मेसेज मी जपून ठेवला.

ताई: बुडाचा आकार कसा बघू? सपाट बुडाची लवकर पाण्यावर उचलली जाते म्हणतात.

मामा: सपाट बूड खाडीत छान, पण दुपारी वारा सुटला की समुद्रात दणके देतं. दाजींची कंबर बघता मध्यम व्ही बुडाची, म्हणजे खाली थोडी निमुळती, घ्या. तुझं काम सकाळी खाडीत आठ-नऊपर्यंत आटपायचं, मग सगळ्यांनी फिरायचं. जून ते ऑगस्ट बोट शेडमध्येच. तुला ओढायला कमान नसली तरी चालेल, पण दोरी कडेच्या खुंटीला बांधायची नाही. मागच्या दोन कड्यांत बांधून मधोमध ओढ आली पाहिजे.

वहिनी: माझ्या अटी लिहिते. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोरांच्या मापाची वेगळी. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करायची दोरी कायम. ताई पाण्यात असताना मागं बघणारा एक माणूस वेगळा. ती शिडीजवळ आली की इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नाही. आणि चालवणारा प्यायलेला नको, थेंबभरही नको.

दादा: सगळ्या मान्य.

आबा: २०१९ च्या पुरात चिखलीतनं आत्याला रबरी बोटीतनं काढलं, तेव्हा त्या जवानानं आधी तिला जॅकेट घातलं, मगच बोटीत घेतलं. पाणी गळ्याला आलेलं, तरी त्यानं बंद ओढून बघितले. सूनबाईंची पहिली अट त्या दिवसापासून माझीही आहे.

मामा: दाजी, बरोबर. बरं, वेंगुर्ल्यात एक १८ फुटी आहे. पुढं बसायला जागा, ११५ चं फोर-स्ट्रोक, कापडी छत, ट्रेलर. मालक तब्येतीमुळं विकतोय. मागतोय बारा. मी अजून बघितली नाही, म्हणून चांगली आहे म्हणत नाही. पुढच्या शनिवारी भरती सकाळची आहे का बघून सांगतो. तुम्ही शुक्रवारी रात्री मुक्कामाला या. मुंबईवाल्याला नाही म्हणून कळवा, ताटकळत ठेवू नका.

दादा: आत्ताच कळवलं. ताई, धाकटा आणि मी येतो. आबा, येणार का?

आबा: येतो. कागद मी बघणार. आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी छोटी हातोडी आहे, लाकडी मुठीची. ती काढून ठेव.