अनुभव धागा : विंडोज ११ साठी जुनं लायसन्स चालतं का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून आमच्या दर्यापूरकडे झेरॉक्सवाल्यांना, सेतूवाल्यांना एकच ऐकवलं जातंय, "जुनं लायसन्स गेलं, नवं घ्या." हे खरं नाही. ओरिजिनल १० अ‍ॅक्टिव्हेट असेल तर त्याच मशीनवर ११ फुकट मिळतं, होमवर होम, प्रोवर प्रो. मशीन त्या लायकीचं आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. गावच्या माणसाचे पैसे वाचले पाहिजेत.

मेहकर, ऑनलाइन फॉर्मचं दुकान
सीपीयूवर स्टिकर विंडोज ७ चं, पण २०१६ च्या फुकट ऑफरमध्ये १० करून घेतलं होतं. यंदा फॉरमॅट मारलं, तर मेकॅनिक स्टिकरवरची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, टाकत बसला. घेईचना. ७ अन् ८ च्या कीचा रस्ता मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्येच बंद केला. मी म्हटलं, भाऊ, की राहू द्या, नेट जोडा. जोडलं अन् आपोआप अ‍ॅक्टिव्ह झालं, कारण या मशीनची नोंद त्यांच्या सर्व्हरवर आधीपासून होती. ११ मात्र येत नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये नाही.

वणी, कृषी केंद्र
ऐन पेरणीत व्होल्टेजनं मदरबोर्ड जळला. नवा टाकला तर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होईना. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डाशी बांधलेलं असते, रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, असतं तर नव्या बोर्डावर नेता आलं असतं. बोर्ड विकणाऱ्यानं हे आधी सांगायला पायजे होतं. हंगामात दुकान बंद ठेवून भागते का?

आरमोरी, शिक्षक
शाळेत एकानं "लाइफटाइम" म्हणून विंडोज टाकून दिलं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडलं, तर "संस्थेच्या सेवेमार्फत अ‍ॅक्टिव्ह" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. आमच्या शाळेकडे असली कुठलीच सेवा नाही! असं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, म्हणजे लाइफटाइम नाहीच. पैसे देण्याआधी ते पान उघडून बघा. घरचा लॅपटॉप इंटेलच्या सिक्स्थ जनरेशन प्रोसेसरचा आहे, लायसन्स ओरिजिनल. त्याचं काय करावं?

धागाकर्ता
सर, लायसन्सला काही झालेलं नाही. इंटेलमध्ये साधारण एट्थ जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर ११ च्या यादीत आहेत, म्हणून अडतंय. नवी की घेऊ नका. १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटमध्ये जाऊन वाढीव सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पैसे लागत नाहीत.