शाकाहारी घरात पट्टकृमीची गाठ कशी?

कुळागर, फोंडा: नमस्कार. माझ्या मावसभावाला गेल्या महिन्यात फिट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूत पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची, एक गाठ दिसली. त्यांच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही आणि हा कृमी डुकराच्या मांसातून येतो असेच आम्ही ऐकत आलो आहोत. मग तो आला कुठून, आणि एका गाठीच्या दहा होतील का?

सूक्ष्मदर्शक, म्हापसा: मी प्रयोगशाळेत काम करतो, ही गल्लत नेहमी होते. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जाते ती अळी. ती आतड्यात वाढून काही मीटर लांबीचा कृमी होते आणि त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ही अंडी डुकराने खाल्ली की त्याच्या स्नायूंत गाठी होतात, आणि तीच माणसाने गिळली तर माणूस डुकराच्या जागी येतो. त्यासाठी मांस लागत नाही; आतड्यात कृमी असलेल्या स्वयंपाक्याचे न धुतलेले हात किंवा मैलापाण्यावर वाढलेली कच्ची कोथिंबीर पुरते.

हिवतापाचा परजीवी शरीरात शिरल्यावर आपली संख्या वाढवतो, पण या गाठीतून दुसरी गाठ जन्मत नाही. गाठीमुळे इतरांना लागणही होत नाही. तरीही रुग्णासह घरातील सर्वांची आणि स्वयंपाक करणाऱ्यांची शौचतपासणी करून घ्यावी.

डिचोलीकर: पूर्वी गोव्यातील पुष्कळ घरांत शौचकूपाखालीच डुकरे असत, हे चक्र तेव्हा किती सहज पूर्ण होत असेल! नीट शिजवलेले सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचा आपला गोव्याचा पदार्थ, मात्र उगाच बदनाम झाले. शाळेत मुलांना देतात ती जंताची गोळी भावाने घेतली तर?

सूक्ष्मदर्शक, म्हापसा: स्वतःहून मुळीच नको. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी आतड्यातील जंतांसाठी असते. मेंदूतील गाठीवरही हेच औषध चालते, परंतु कित्येक दिवस आणि जोडीला स्टेरॉइड देऊन, कारण मरणाऱ्या गाठीभोवती सूज येऊन फिट वाढू शकतात. डोळ्यांत गाठ नाही ना, हेही आधी पाहतात. गाठ चुन्यासारखी कडक झालेली असेल, तर कृमिनाशकाचा उपयोग नसतो. फिटचेच औषध चालू ठेवतात.

कुळागर, फोंडा: आभारी आहे. गाठ कडक झाली आहे का, हे गुरुवारी डॉक्टरांना विचारतो. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना तपासणीचे कसे सांगावे, हेच आता अवघड वाटते.